कॉलेजच्या लॅबला विंडोजमधलाच अँटिव्हायरस पुरेल का?

प्रश्न : मी पुण्यातील पेठ भागातल्या एका कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्या दोन प्रयोगशाळांत मिळून सत्तर संगणक आहेत. थोडे विंडोज ११ चे, बाकीचे विंडोज १० चे. विकत घेतलेल्या अँटिव्हायरसची मुदत जूनमध्ये संपली आणि या वर्षी नूतनीकरणासाठी तरतूद नाही, असे कार्यालयाने कळवले आहे. विंडोजमध्ये मुळातच असलेल्या अँटिव्हायरसवर काम भागवावे, असे मला वाटते, आमचे विभागप्रमुख मात्र "फुकटातल्या गोष्टीच्या भरवशावर सत्तर संगणक सोडायचे का?" असे विचारतात. त्यातच सबमिशनच्या दिवसांत मुलांचे पेनड्राइव्ह शॉर्टकट व्हायरसने भरून येतात, आणि आमचे एक सर त्यांचे सॉफ्टवेअर चालावे म्हणून अँटिव्हायरस बंदच ठेवायला सांगतात. मी काय करावे?
— एक प्रयोगशाळा सहायक, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. प्रयोगशाळेतल्या संगणकांसाठी विंडोजमधला अंगभूत अँटिव्हायरस, म्हणजे मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, पुरेसा आहे. पैसे नाहीत म्हणून नाइलाजाने पत्करलेली सोय, असे त्याच्याबद्दल मनात आणण्याचे कारण नाही. मात्र तो संगणकावर आहे एवढ्यावरून तो काम करतो आहे असे समजू नये. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तो पुष्कळदा असूनही निजलेला असतो, आणि तसे होण्याची कारणे प्रयोगशाळा ज्या रीतीने चालवली जाते त्या रीतीतच असतात. माझे बरेचसे उत्तर त्याविषयीच आहे.

विभागप्रमुखांची शंका निराधार नाही, ती जुनी आहे. विंडोज व्हिस्टामध्ये डिफेंडर या नावाने जे काही होते ते केवळ हेरगिरी करणारी सॉफ्टवेअर शोधत असे. तो पूर्ण अँटिव्हायरस नव्हता. विंडोज ७ वाल्यांना सिक्युरिटी इसेन्शियल्स नावाचे वेगळे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे लागे, आणि २०१२ च्या अखेरीस जर्मनीतील एव्ही-टेस्ट या चाचणी संस्थेने त्याला प्रमाणपत्र नाकारले होते. त्या काळात ज्यांनी प्रयोगशाळा सांभाळल्या त्यांचे मत तसे झाले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. परंतु २०१२ मध्येच विंडोज ८ बरोबर डिफेंडर पूर्ण अँटिव्हायरस झाला, पुढच्या काही वर्षांत त्यात फार सुधारणा झाली, आणि अलीकडच्या काळात तीच एव्ही-टेस्ट संस्था त्याला १८ पैकी १८ किंवा त्याच्या अगदी जवळचे गुण नियमितपणे देत आली आहे. 'फुकट' हा शब्दही येथे बरोबर बसत नाही, कारण विंडोजच्या परवान्यासाठी महाविद्यालयाने जे पैसे मोजले त्यातच तो आलेला आहे. उलट इतर कंपन्यांच्या खरोखर फुकट मिळणाऱ्या आवृत्त्या बहुतेक करून केवळ घरगुती वापरासाठी असतात आणि त्या महाविद्यालयात बसवणे परवान्याच्या अटींत बसत नाही. पैसे वाचवण्यासाठी कोणी तो मार्ग सुचवलाच, तर नम्रपणे नकार द्यावा.

डिफेंडरची एक उणीव मात्र विभागप्रमुखांना आपण होऊन सांगावी, कारण प्रयोगशाळेच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. त्याची बरीचशी ताकद इंटरनेटवर अवलंबून आहे. अनोळखी फाइल समोर आली की तो मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडकडे, म्हणजे इंटरनेटवरच्या त्यांच्या संगणकांकडे, विचारणा करतो आणि तिथून येणाऱ्या उत्तरावरून ठरवतो. इंटरनेट नसताना त्याची पकड बरीच ढिली पडते, हे ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थेच्या चाचण्यांत वेळोवेळी दिसून आले आहे. आता आपल्याकडे काय होते ते पाहा. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मुलांनी उत्तरे शोधू नयेत म्हणून प्रयोगशाळेचे इंटरनेट बंद ठेवले जाते, आणि नेमक्या त्याच दिवशी जर्नल, प्रोजेक्ट आणि प्रिंटआउट यांच्या धावपळीत सर्वांत जास्त पेनड्राइव्ह संगणकांना लागतात. म्हणून शक्य असेल तर इंटरनेट सरसकट तोडण्याऐवजी ब्राउझरवर किंवा फायरवॉलवर (नेटवर्कमध्ये काय येऊ-जाऊ द्यायचे हे ठरवणाऱ्या यंत्रणेवर) बंधन घालून मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा आणि डिफेंडरच्या क्लाउड सेवेचा मार्ग मोकळा ठेवावा. ते जमण्यासारखे नसेल, तर निदान परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सर्व संगणक चालू करून डिफेंडरची व्हायरस ओळखण्याची माहिती ताजी करून घ्यावी आणि परीक्षेच्या दिवशी मुलांचे पेनड्राइव्ह बाहेरच ठेवावेत. एरवीसुद्धा महाविद्यालयाच्या फायरवॉलमध्ये ही सेवा अडवली जात नाही ना, हे नेटवर्क पाहणाऱ्या माणसाला एकदा विचारून घ्यावे.

आता निजलेल्या डिफेंडरविषयी. जूनमध्ये मुदत संपलेला अँटिव्हायरस आपण संगणकांवरून काढला आहे की नाही, हे पत्रावरून कळत नाही. तो काढला नसेल तर पहिले काम तेच आहे. दुसरा अँटिव्हायरस चालू असल्याची नोंद विंडोजकडे असली की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. मुदत संपल्याचे त्या सॉफ्टवेअरने विंडोजला रीतसर कळवले तर डिफेंडर पुन्हा जागा होतो, हे खरे. पण प्रत्येक कंपनीचे सॉफ्टवेअर या बाबतीत सारखे वागत नाही. काही जुन्याच माहितीवर चालत राहतात आणि कोपऱ्यात लाल सूचना दाखवत बसतात. अशा संगणकावर दोन अँटिव्हायरस दिसतात आणि संरक्षण धड एकाचेही नसते. म्हणून जुने सॉफ्टवेअर सेटिंग्जमधून काढावे, त्याच कंपनीने दिलेले सफाईचे टूल असेल तर तेही चालवावे, संगणक रीस्टार्ट करावा, आणि मग विंडोज सिक्युरिटी उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' या पानावर तीन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात : रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू आहे का, टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरच्या सेटिंग्जमध्ये इतर प्रोग्रॅमना ढवळाढवळ करू न देणारी सोय) चालू आहे का, आणि 'प्रोटेक्शन अपडेट्स' मध्ये शेवटच्या अपडेटची तारीख कोणती आहे. ही माहिती दिवसातून अनेकदा नव्याने येत असते. तारीख तीन-चार दिवसांपेक्षा मागची दिसली तर काहीतरी अडले आहे असे समजावे. एक साधी वही करून संगणकाच्या क्रमांकासमोर या नोंदी घ्याव्यात. सत्तर संगणकांचे हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यातून आपल्याला जे कळेल ते कोणत्याही कोटेशनमधून कळणार नाही.

त्याच पानावर 'एक्स्क्लुजन्स' नावाची एक यादी असते. डिफेंडरने जिथे पाहू नये अशी ठिकाणे त्या यादीत असतात. कधी संगणक जोडून देणारा माणूस काम लवकर उरकावे म्हणून तिथे अख्खा सी ड्राइव्ह टाकून जातो, आणि कधी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, स्वतःच आपली जागा तिथे लिहून ठेवते. ती यादी रिकामी करावी. प्रोग्रॅमिंगच्या तासाला मुलांनी नुकत्याच कंपाइल केलेल्या एखाद्या प्रोग्रॅमवर डिफेंडर चुकून संशय घेतो, अशी तक्रार येऊ शकते. तेव्हा केवळ त्या कामासाठी केलेले एकच फोल्डर यादीत घालावे, त्यापलीकडे काही नाही.

आपल्या संगणकांवर डीप फ्रीझसारखे, रीस्टार्ट केल्यावर सर्व काही पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर आहे का? पुष्कळ प्रयोगशाळांत असते, आणि ते चांगलेच आहे. पण त्याचा आणि अँटिव्हायरसचा मेळ कोणी घातलेला नसतो. दिवसभरात डिफेंडरने मिळवलेली नवी माहिती संध्याकाळी संगणक बंद होताच पुसली जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा, ज्या दिवशी संगणक 'गोठवला' त्या दिवसाच्या माहितीवर उभा असतो. मग सत्तरच्या सत्तर संगणक पहिल्या तासाला एकदम अपडेट उतरवू लागतात, इंटरनेट गुदमरते, आणि शिक्षक म्हणतात की अँटिव्हायरसमुळे संगणक मंद झाले. यावर उपाय म्हणजे आठवड्यातला एक ठरावीक वेळ देखभालीसाठी राखणे, त्या वेळात संगणक मोकळे करून विंडोजचे आणि डिफेंडरचे अपडेट पूर्ण होऊ देणे आणि मग ते पुन्हा गोठवणे; अशा सॉफ्टवेअरमध्ये त्याचे वेळापत्रक लावण्याची सोय असते. विंडोजच्या अपडेट सेटिंग्जमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' चालू ठेवून त्यात आपल्या नेटवर्कमधल्या संगणकांना परवानगी दिली, तर एका संगणकाने उतरवलेला भाग शेजारचे संगणक त्याच्याकडूनच घेतात आणि बाहेरच्या लाइनवरचा ताण कमी होतो. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. गोठवलेल्या संगणकावरचा व्हायरस रीस्टार्टबरोबर जातो, पण तोवर दिवसभरात त्या संगणकाला लागलेले पेनड्राइव्ह तो बिघडवून बसलेला असतो. त्यामुळे 'फ्रीझ आहे, अँटिव्हायरस कशाला' हा युक्तिवाद मान्य करू नये.

स्कॅनची वेळही अशीच हुकते. डिफेंडरचा स्कॅन विंडोजच्या स्वयंचलित देखभालीत होतो, तिची मूळ वेळ रात्री दोनची असते, आणि आपल्याकडे प्रयोगशाळेला कुलूप लावताना मेन स्विचच बंद केला जातो. तसे करणे योग्यच आहे. फक्त टास्क शेड्यूलरमधून स्कॅनची वेळ, तास नसलेल्या एखाद्या दुपारी ठेवावी.

शॉर्टकट व्हायरसविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मुलांचे खरे नुकसान तिथे होते. मुलगा महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेनड्राइव्ह देतो. त्या दुकानातल्या एका संगणकाला दिवसभरात किती जणांचे पेनड्राइव्ह लागतात याची गणती नसते. परत आल्यावर पेनड्राइव्ह उघडला की आत त्याच्या फाइली दिसत नाहीत, त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात, किंवा पेनड्राइव्हच्याच नावाचा एकच शॉर्टकट दिसतो. त्यावर दोनदा क्लिक केले की फाइली उघडतात, म्हणून मुलाला वाटते की सर्व ठीक आहे. परंतु त्याच क्लिकने मागे एक लपलेली स्क्रिप्टही चालू झालेली असते आणि ती संगणकात शिरून पुढच्या पेनड्राइव्हची वाट पाहत बसते. डिफेंडर जागा असेल तर तो ती स्क्रिप्ट बहुधा पकडतो आणि शॉर्टकटही उडवतो. गोंधळ होतो तो यानंतर. पेनड्राइव्ह आता रिकामा दिसतो, आणि मुलगा रडकुंडीला येऊन सांगतो की लॅबच्या अँटिव्हायरसने त्याचा प्रोजेक्ट खाल्ला.

प्रोजेक्ट बहुतेक वेळा जागेवरच असतो. व्हायरसने मूळ फाइलींना 'लपवलेली' आणि 'सिस्टिमची' अशा दोन खुणा लावून ठेवलेल्या असतात, आणि पुष्कळदा त्या सर्व एका नाव नसलेल्या फोल्डरमध्ये ढकललेल्या असतात. पेनड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये भरलेली जागा दिसते आहे का ते आधी पाहावे. ती दिसत असेल तर काळजीचे कारण नाही. फाइल एक्सप्लोररच्या पर्यायांत जाऊन लपलेल्या फाइली दाखवण्याची खूण करावी आणि त्याखालचा 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' हा पर्याय तेवढ्यापुरता काढावा. फाइली दिसू लागतील. त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात, स्कॅन कराव्यात, पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा आणि फाइली परत द्याव्यात. त्या काळात मुलाला पेनड्राइव्ह स्वतः फॉरमॅट करू देऊ नये. सबमिशनच्या आठवड्यात तो आधीच घाबरलेला असतो आणि घाईत नको ते पुसून बसतो. आपण दाराजवळचा एक संगणक यासाठीच राखून ठेवला आणि 'पेनड्राइव्ह आधी इथे' असा कागद लावला, तर या दिवसांतला निम्मा त्रास दारातच थांबेल. प्रिंटसाठी फाइल मेलने किंवा ड्राइव्हच्या लिंकने पाठवण्याची सवय मुलांना लावता आली तर त्याहून उत्तम.

पेनड्राइव्हवरून प्रोग्रॅम चालूच होऊ नये, अशी व्यवस्था विंडोजच्या ग्रुप पॉलिसीमध्ये, म्हणजे संगणकावर नियम लावण्याच्या सोयीत, करता येते. ती विंडोजच्या प्रो आणि एज्युकेशन आवृत्त्यांत असते, होम आवृत्तीत नसते. ही पॉलिसी लावावी, आणि मुलांना आपले प्रोग्रॅम आधी संगणकावर उतरवून मग चालवायला सांगावे. मात्र स्क्रिप्टच्या रूपातला व्हायरस विंडोजच्याच एखाद्या प्रोग्रॅमच्या खांद्यावर बसून चालतो, म्हणून ही पॉलिसी डिफेंडरच्या सोबतीने हवी, त्याच्या जागी नव्हे.

या सर्वांहून मोठी बाब म्हणजे मुले संगणकात कोणत्या खात्याने शिरतात. प्रयोगशाळेत पाहावे तिकडे एकच 'ॲडमिन' खाते असते आणि त्याला पासवर्डही नसतो. ॲडमिनच्या अधिकाराने चाललेला व्हायरस एक्स्क्लुजन्समध्ये हवे ते लिहू शकतो, आणि मग कितीही महागडा अँटिव्हायरस आणला तरी त्याचे हात बांधलेलेच राहतात. मुलांसाठी साधे, म्हणजे स्टँडर्ड, खाते करावे आणि ॲडमिनचा पासवर्ड आपल्याकडे व विभागप्रमुखांकडे असावा. 'मग प्रत्येक वेळी तुम्हालाच बोलवावे लागेल' अशी कुरकुर काही दिवस होईल, ती सोसावी.

मग पैसे देऊन घेतलेल्या अँटिव्हायरसने नेमके काय मिळते? मुख्यतः दोन गोष्टी मिळतात. सर्व संगणकांची स्थिती एकाच पडद्यावर दिसते, आणि अडचण आली तर फोन करायला माणूस असतो. पुण्यात दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे, कारण क्विक हील ही कंपनी कैलाश आणि संजय काटकर या बंधूंनी १९९५ मध्ये याच शहरात सुरू केली आणि येथल्या कितीतरी संस्थांना जवळचा, मराठीत बोलणारा तंत्रज्ञ मिळण्याची सवय आहे. ती सवय वाईट नाही. मायक्रोसॉफ्टकडेही सर्व संगणक एका ठिकाणाहून पाहण्याची सोय आहे, पण तिचे पैसे वेगळे द्यावे लागतात. आपल्या ठिकाणी एक जागरूक माणूस आहे, हे पत्रावरूनच दिसते. त्यामुळे सत्तर संगणकांपुरती वही पुरेल. संगणक दोनशेच्या वर गेले, किंवा ते सांभाळणारे कोणी उरले नाही, तर माझे उत्तर वेगळे असेल.

वाचलेले पैसे कुठे खर्च करावेत हे कार्यालयाने विचारले, तर दोन ठिकाणे सांगावीत. पहिले म्हणजे विंडोज १० चे संगणक. मायक्रोसॉफ्टने त्याचा सर्वसाधारण आधार, म्हणजे नियमित अपडेट देणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. डिफेंडरला लागणारी व्हायरसची माहिती विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील, असे कंपनीने जाहीर केले आहे, आणि त्यावरून पुष्कळांचा समज होतो की चिंता नाही. पण विंडोजच्या सुरक्षेतली भोके अँटिव्हायरस बुजवत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने) जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्याने वापरलेले भोक बुजवणारे अपडेट १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, आलेले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते त्यांचे संगणक त्यात सापडले. म्हणून जे संगणक विंडोज ११ ला चालतात ते तिकडे न्यावेत, जे चालत नाहीत त्यांच्यासाठी शैक्षणिक संस्थांना सवलतीत मिळणारे मुदतवाढीचे अपडेट घ्यावेत, आणि अगदी जुने असतील त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टिम टाकून सी आणि पायथनची प्रात्यक्षिके तिथे घ्यावीत. संगणक मंद असण्याची तक्रार असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून बरीच वेगवान डिस्क, बसवावी. आपल्या तापकीर गल्लीतल्या दुकानांत विचारून यावे, अँटिव्हायरसच्या दोन-तीन नूतनीकरणांच्या खर्चात किती संगणकांचे काम होते ते तिथेच कळेल.

दुसरे ठिकाण म्हणजे कार्यालयातले आणि परीक्षा विभागातले संगणक. फी, शिष्यवृत्तीचे अर्ज, अंतर्गत गुण हे सर्व तिथे असते, आणि प्रयोगशाळेच्या संगणकासारखे ते पुसून नव्याने भरता येत नाहीत. तिथे डिफेंडरमधला 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू करावा. अनोळखी प्रोग्रॅमला महत्त्वाच्या फोल्डरमधल्या फाइली बदलू न देण्याची ती सोय आहे. सुरुवातीला हिशेबाचे सॉफ्टवेअरही ती अडवील, तेव्हा त्याला परवानगी द्यावी लागेल. आणि दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेऊन आलटून पालटून बॅकअप घ्यावा, तो झाला की डिस्क काढून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेल्या डिस्कवरचा बॅकअप रॅन्समवेअर मूळ फाइलींबरोबरच कुलूपबंद करते.

विभागप्रमुखांची खात्री पटवायची असेल तर त्यांच्यासमोर आयकारची चाचणी करून दाखवावी. अँटिव्हायरस जागा आहे का हे पाहण्यासाठीच ठरवलेली ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे. ती नोटपॅडमध्ये लिहून फाइल सेव्ह केली की डिफेंडरने ताबडतोब सूचना द्यायला हवी. ज्या संगणकावर ती येणार नाही, तो वहीत लाल शाईने नोंदवावा.

राहता राहिले ते सर. डिफेंडर त्यांचे सॉफ्टवेअर अडवत असेल, तर विंडोज सिक्युरिटीच्या 'प्रोटेक्शन हिस्टरी' मध्ये कशाचे नाव आहे ते पाहावे. तिथे 'हॅकटूल' असा शब्द आणि पुढे 'ऑटोकेएमएस' सारखे काही दिसले, तर अडलेली गोष्ट सॉफ्टवेअर नसून त्याचे किंवा विंडोजचेच कुलूप तोडणारा क्रॅक आहे. क्रॅकबरोबर काय काय येते हे क्रॅक घेणाऱ्याला कळत नाही, आणि त्यासाठी अँटिव्हायरस बंद ठेवणे म्हणजे मुलांचे पासवर्ड आणि पेनड्राइव्ह अनोळखी माणसाच्या हाती देणे आहे. शिवाय विनापरवाना सॉफ्टवेअरची जबाबदारी संस्थेवर येते. हे सरांना चारचौघांत न सांगता एकट्यात सांगावे, आणि नकाराबरोबर पर्यायही ठेवावा. गणिती आकडेमोडीचे मॅटलॅब हवे असेल तर त्याच कामाचे, विनामूल्य सायलॅब आहे; मुंबईच्या आयआयटीतला फॉसी हा प्रकल्प महाविद्यालयांत त्याचाही प्रसार करतो. आराखडे काढण्याचे ऑटोकॅड हवे असेल तर ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवाना विनामूल्य देते. ऑफिसच्या बहुतेक कामांना लिबरऑफिस पुरते. सरांना लागणारे नेमके सॉफ्टवेअर कोणते हे आपण पत्रात लिहिलेले नाही. ते कळवल्यास त्याचा शैक्षणिक परवाना मिळतो का आणि कसा, हे पुढच्या वेळी सांगता येईल.